शूट दर वेळी एक दिवस लांबतं: विद्यार्थी फिल्मच्या वेळापत्रकातला बिघाड कसा शोधायचा

विद्यार्थी फिल्मचं वेळापत्रक कोलमडलं की फोन बहुतेक शूटच्या दुसऱ्या रात्री येतो. "दादा, चार दिवसांत होत नाहीये, पाचवा घेऊ का?" मी सहायक दिग्दर्शक म्हणून काम करतो आणि अधूनमधून ज्युनियर मुलांची वेळापत्रकं दुरुस्त करून देतो, त्यामुळे उत्तर पाठ झालंय: घेऊ नकोस, निदान आज रात्री तरी ठरवू नकोस. कारण न शोधता वाढवलेला पाचवा दिवस पहिल्या चारांसारखाच लांबतो. वर कॅमेऱ्याचं आणखी एका दिवसाचं भाडं आणि सगळ्या टीमचं जेवण वाढतं ते वेगळंच.

खालच्या तपासण्या दिलेल्या क्रमानेच करा. सुरुवातीच्यांना पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो. शेवटच्यांमध्ये पटकथेला हात लावावा लागतो.

लक्षणं

कॉल (सेटवर हजर राहायची वेळ) सातचा, पहिला शॉट साडेदहाचा, आणि हे रोज.

जेवणापर्यंत सगळं वेळेत, जेवणानंतर गाडी रुतते.

दिवसातला शेवटचा सीन कायम एका मास्टरमध्ये (अख्खा सीन दाखवणाऱ्या एकाच शॉटमध्ये) उरकला जातो. मग एडिटला बसल्यावर नेमक्या त्याच सीनमध्ये कट मारायला काही नसतं.

बाहेरचा सीन सुरू होतो उन्हात आणि संपतो सावलीत.

तिसऱ्यांदा चहा झालाय, लोक मोबाईल बघत बसलेत, आणि नेमकं कोणासाठी थांबलोय ते कोणालाच सांगता येत नाही.

पॅचवर्कची (राहिलेले तुकडे नंतर घेण्याची) यादी मूळ शॉट-लिस्टशी स्पर्धा करायला लागलीय.

यातलं पहिलं लक्षण तयारीतला दोष दाखवतं. दुसरं आणि तिसरं सेटअपची (कॅमेरा-लाइटच्या प्रत्येक नव्या मांडणीची) मोजणी चुकल्याचं, चौथं सूर्याचा विचार न केल्याचं. पाचव्याच्या मागे बहुधा कार्ड-बॅटरी असते किंवा एकाच माणसाकडे अडकलेला निर्णय. "आम्ही स्लो आहोत" हे निदान मुलं स्वतःच करून येतात, ते मी धरत नाही. वेग कमी असणं हा दोष नाही, तो आधी मोजून वेळापत्रकात बसवता येतो.

तपासणी १: कालच्या क्लिपच्या वेळा बघा

खर्च शून्य. कालच्या दिवसाचं फुटेज उघडा आणि प्रत्येक क्लिप किती वाजता रेकॉर्ड झाली ते एका कागदावर उतरवून काढा. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असलं तरी चालतं, आपल्याला दोन क्लिपमधलं अंतर हवंय. पंचवीस मिनिटांपेक्षा मोठं प्रत्येक अंतर गोल करा आणि शेजारी लिहा की त्या वेळात काय चाललं होतं.

ही तपासणी पहिली ठेवण्याचं कारण असं की सेटवरच्या माणसांना वेळ गेल्याचं आठवतं, कुठे गेला ते आठवत नाही. कॅमेरावाला म्हणतो मेकअपमुळे, मेकअपवाली म्हणते लायटिंगमुळे, आणि दिग्दर्शक म्हणतो नटाचे संवाद पाठ नव्हते. क्लिपचे आकडे कोणाची बाजू घेत नाहीत. बहुतेक कागदांवर टेकमध्ये गेलेला वेळ फारच थोडा निघतो. मोठी अंतरं असतात सकाळच्या पहिल्या शॉटआधी, जेवणानंतर, आणि कॅमेरा खोलीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवताना.

शूट अजून सुरूच झालं नसेल तर एका संध्याकाळी मोबाईलवर एक सीन खरोखर शूट करून बघा. खरे नट, खरी खोली, आणि हातात घड्याळ घेतलेला एक मित्र. एका सेटअपला तुमच्या टीमला किती मिनिटं लागतात हा आकडा मिळाल्याशिवाय पुढची तपासणी अंदाजपंचेच राहते.

तपासणी २: पानं मोजू नका, सेटअप मोजा

सगळ्यात जास्त वेळापत्रकं इथे मरतात, म्हणून इथे जरा थांबू.

मुलं ब्रेकडाऊन करताना (पटकथा सीनवार सुटी करून शूटचा हिशोब मांडताना) पानं मोजतात. एक पान म्हणजे साधारण पडद्यावरचं एक मिनिट, पानाचे आठ भाग, अमुक सीन दोन पान तीन अष्टमांश, हे सगळं बरोबरच आहे. पण पानांवरून फिल्मची लांबी कळते, शूटचा वेळ कळत नाही. "ती जिना उतरून गल्लीतून पळत सुटते" ही एक ओळ कागदावर पाव इंच जागा घेते आणि सेटवर अख्खी दुपार खाते. उलट दोघांचा पलंगावर बसून चाललेला तीन पानी संवाद अडीच तासांत होऊ शकतो.

मोजायचा तो सेटअप. कॅमेरा किंवा लाइट जागेवरून हलला की नवा सेटअप. नुसती लेन्स बदलली तर अर्धा धरा. दोन माणसांचा साधा संवाद नेहमीच्या पद्धतीने कव्हर केला तर मास्टर, दोन ओव्हर द शोल्डर (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा) आणि दोन क्लोज (जवळून चेहरा) असे पाच सेटअप होतात. प्रत्येक सीनपुढे हा आकडा लिहा आणि बेरीज करा.

आता दिवसाचा हिशोब. सकाळी ७ चा कॉल, संध्याकाळी ७ ला पॅक-अप म्हणजे १२ तास. सामान उतरवणं, मेकअप आणि पहिलं लायटिंग मिळून दीड तास. जेवण एक तास (पाऊण तास जाहीर केलं तरी एकच होतो). दोन चहांचा मिळून अर्धा तास. सामान आवरून, मोजून, खोली होती तशी लावून देणं एक तास. उरले ८ तास, म्हणजे ४८० मिनिटं. विद्यार्थी टीमला एका सेटअपला लायटिंग, रिहर्सल आणि टेक धरून ३५ मिनिटं लागतात असं समजू. दिवसाला १३ सेटअप होतात. त्याच दिवशी शहरातल्या शहरात एक लोकेशन बदललंत तर आणखी दीड तास गेला, उरले ३९० मिनिटं, सेटअप ११.

समजा तुमच्या बारा पानी फिल्मच्या शॉट-लिस्टमध्ये ६२ सेटअप आहेत आणि हातात ४ दिवस. रोज एक लोकेशन बदलायचं असेल तर ४४ होतील. एकदाही बदलायचं नसेल तरी ५२. म्हणजे शूट सुरू व्हायच्या आधीच तुम्ही किमान एक दिवस मागे आहात, आणि हे कोणाच्याही आळसामुळे नाही. साध्या भागाकारात दिसणारी गोष्ट सेटवर दुसऱ्या रात्री कळते एवढंच.

बेरीज बसत नसेल तर लगेच सीन कापायला जाऊ नका. आधी शूटचा क्रम बघा. संवादाच्या क्रमाने कॅमेरा इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत असाल तर प्रत्येक वेळी लाइट उचलावे लागतात, मागे ठेवलेल्या बॅगा हलवाव्या लागतात, आणि कंटिन्युइटी (शॉटागणिक वस्तू आणि कपडे सारखे राहणं) सांभाळणारी मुलगी रडकुंडीला येते. एका बाजूचं सगळं आधी संपवा: मास्टर, त्याच बाजूचा ओव्हर द शोल्डर, त्याच बाजूचा क्लोज. मग एकदाच फिरा. तेवढ्यावरच मी पाहिलेल्या बहुतेक टीमचा दिवसाला एखाद-दोन सेटअपचा वेळ वाचतो.

त्यानंतर शॉट-लिस्टमधले भित्रे शॉट शोधा. "कव्हरेज असू दे" म्हणून घेतलेले, एडिटमध्ये कुठे बसणार ते दिग्दर्शकालाही सांगता येत नाही असे. विचारा: हा शॉट नसला तर कुठला कट अडेल? उत्तर आलं नाही की रेघ मारा. दिग्दर्शक रुसतो. रुसू द्या.

तपासणी ३: घड्याळ कोणाच्या हातात आहे?

यालाही पैसे लागत नाहीत, मैत्री मात्र थोडी पणाला लागते.

दिग्दर्शकच वेळ पाळतोय का? तसं असेल तर वेळ कोणीच पाळत नाहीये. नटाचा चेहरा बघत असताना घड्याळ बघता येत नाही आणि बघूही नये. एका माणसाचं काम फक्त एवढंच हवं की पुढचा सेटअप काय, त्याला किती मिनिटं, कोणाला आत्ता बोलवायचं. "हा टेक चांगला आहे, पुढे" असं म्हणायचा त्याचा अधिकार सगळ्यांसमोर जाहीर झालेला हवा. विद्यार्थी फिल्ममध्ये हे फर्स्ट एडीचं (पहिल्या सहायक दिग्दर्शकाचं) काम बहुतेक वेळा ज्याला दुसरं काही दिलेलं नाही अशा मित्राला मिळतं आणि त्याचं कोणी ऐकत नाही. त्यापेक्षा वर्गातला सर्वांत तिरसट, पण हिशोबाला पक्का मुलगा घ्या.

याच तपासणीत कॉल शीट (कोणी किती वाजता यायचं आणि दिवसभरात काय शूट होणार याचा कागद) बघा. सगळ्यांना एकच कॉल दिलाय का? कॅमेरा आणि लाइटवाल्यांना सात, ज्या नटाचा पहिला शॉट आहे त्याला साडेसात, दुसऱ्याला दहा. आजोबांची भूमिका करायला बिल्डिंगमधले काका तयार झालेत आणि त्यांना सातला बोलवून बारापर्यंत बसवलंत, तर दुसऱ्या दिवशी त्यांची तब्येत बिघडलेली असेल. तब्येत खरोखर बिघडलीय की काय, हे विचारायचं नसतं.

तपासणी ४: सूर्य कुठे आहे?

फोनमधला कंपास घ्या आणि प्रत्येक लोकेशनवर खिडक्यांच्या दिशा लिहा. पूर्वेच्या खिडकीतलं ऊन सकाळचं, पश्चिमेच्या खिडकीतलं दुपारनंतरचं, उत्तरेकडची खिडकी जवळपास दिवसभर सारखाच मऊ उजेड देते. एवढं लिहून झालं की कुठला सीन कुठल्या तासाला घ्यायचा हे अर्धं आपोआप ठरतं.

ठोकळ आकडे पुण्याचे देतो. डिसेंबरच्या शेवटी सूर्योदय सातच्या सुमाराला आणि सूर्यास्त सहाच्या. जूनच्या शेवटी सूर्योदय सहाच्या आसपास, सूर्यास्त सव्वासातच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात बाहेरच्या शूटला तुम्हाला दोन तासांहून जास्त उजेड कमी मिळतो. उन्हाळ्यात केलेल्या सीनियरच्या फिल्मचं वेळापत्रक डिसेंबरला चिकटवलं की ते फाटतंच. भारतीय प्रमाणवेळेची रेषा पूर्वेला बरीच लांब असल्याने आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो साडेबारा-पाऊणच्या सुमाराला. मेच्या मध्यात तर पुण्यात तो अगदी डोक्यावर असतो, तोच शून्य सावलीचा दिवस. त्या उन्हात नटाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. अकरा ते तीन बाहेर क्लोज घेऊ नका. तेव्हा आत जा, खिडक्यांना काळा कपडा लावा आणि घरातला रात्रीचा सीन भरदुपारी उरकून टाका.

आता संध्याकाळच्या सोनेरी उजेडाबद्दल, कारण इथे जवळजवळ सगळे फसतात. ज्या व्हिडिओंमधून मुलं शिकतात त्यातले बरेच युरोप-अमेरिकेतले असतात. तिथे सूर्य तिरका उतरतो, त्यामुळे तो उजेड बराच वेळ रेंगाळतो. आपल्या अक्षांशावर तो जवळपास सरळ खाली जातो. क्षितिजाच्या सहा अंश वर असलेला सूर्य मावळायला आपल्याकडे पंचविसेक मिनिटं लागतात, आणि नंतरचा संधिप्रकाशही तेवढाच. तुमचा ३५ मिनिटांचा सेटअप या दोन्हींत मिळून एकदाच बसतो. तरीही नदीकाठच्या निरोपाचा पाच सेटअपचा सीन "मॅजिक अवर" असं लिहून एका संध्याकाळी टाकलेला मी दर वर्षी बघतो.

उपाय दोन. वाइड शॉट त्या पंचवीस मिनिटांत घ्या आणि क्लोज आधी तासभर सावलीत, लाइटवर सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारा पारदर्शक कागद) लावून घ्या. नाहीतर तोच सीन लागोपाठच्या दोन संध्याकाळींत वाटा. दुसऱ्या उपायात ढगांचा जुगार आहे, त्यामुळे मी पहिलाच सुचवतो. लोकेशन डोंगराच्या पूर्व उताराला किंवा उंच इमारतींच्या पायथ्याशी असेल तर तिथलं ऊन सूर्यास्ताच्या कितीतरी आधी जातं. ते नकाशावर दिसत नाही, रेकीला (शूटआधी जागा बघायला) त्याच वेळी जाऊन उभं राहावं लागतं.

तपासणी ५: कार्ड, बॅटरी, प्लग

क्लिपच्या कागदावर ठरावीक अंतराने येणारा चाळीस मिनिटांचा खड्डा दिसला तर कार्ड बघा. १०० मेगाबिट प्रति सेकंद दराने फोर-के रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांत भरतं. साध्या हार्डडिस्कवर ते उतरवायला वीसेक मिनिटं, दुसऱ्या कॉपीला आणखी तेवढीच. दोनच कार्डं असतील आणि उतरवणारा मुलगाच बूम (काठीवरचा माइक) धरत असेल, तर कॅमेरा थांबणारच. तिसरं कार्ड भाड्याने किंवा उसनं आणा. एकाच कॉपीवर कार्ड फॉरमॅट करून वेळ वाचवू नका.

बॅटरीचं गणितही असंच: एक कॅमेऱ्यात, एक तयार, एक चार्जरवर. दिवसाच्या शेवटी चार्जिंगची जबाबदारी नाव लिहून एकाला द्या, "कोणीतरी लावेल" म्हणजे कोणी लावत नाही.

आणि घरातला प्लग. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला तेराशे-चौदाशे वॉटच्या वर काही चालत नाही. १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर साडेतीन हजार वॉटपर्यंत, तेही वायरिंग धड असेल तर. एक किलोवॉटचा लाइट आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावली की एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) पडतो, मग तो कुठे आहे ते शोधण्यात वीस मिनिटं जातात. रेकीलाच सॉकेट मोजा, एमसीबीचा बॉक्स बघून ठेवा. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज किंवा पाणी बंद असण्याची शक्यता असते, तेव्हा घरातलं मोठं लायटिंग गुरुवारी ठेवण्याआधी त्या भागात विचारून घ्या.

तपासणी ६: आवाज

"आवाजामुळे टेक गेले" अशी नोंद वारंवार येत असेल तर रेकी चुकीच्या वेळी झालीय. रविवारी दुपारी पाहिलेली शांत गल्ली मंगळवारी सकाळी आठला घंटागाडीचं गाणं, कुकरच्या शिट्ट्या आणि शाळेची रिक्षा घेऊन येते. ज्या वाराला आणि ज्या तासाला शूट आहे त्याच वेळी तिथे हेडफोन लावून पंधरा मिनिटं रेकॉर्डिंग करा.

काही आवाज हंगामी असतात. एप्रिल-मेमध्ये कोकीळ एकदा सुरू झाला की दोन शॉटच्या मध्ये अचानक गप्प होतो आणि कट उघडा पडतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत पुण्यात नदीकाठाला संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात, त्या वेळी तिथे सिंक साऊंड (शूट करतानाच संवाद रेकॉर्ड करणं) विसरा. लग्नाच्या तिथीला मंगल कार्यालयाजवळ काय होतं ते सांगायला नको.

घरात पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिज बंद करताना बाइकची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे निघताना तो सुरू करायचा राहत नाही, आणि ज्या काकूंनी घर दिलंय त्यांचं दूध नासत नाही. प्रत्येक खोलीचा तीस सेकंदांचा रूम टोन (कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज) घ्या. पॅक-अपच्या गोंधळात तो हमखास राहतो, म्हणून पॅक-अपच्या आधीचा सेटअप म्हणूनच तो कॉल शीटवर लिहा.

तपासणी ७: माणसांच्या तारखा

मोठ्या कागदावर आडवे दिवस, उभी नावं. ज्याला ज्या दिवशी जमत नाही तिथे फुली. हे फोनवर विचारून भरू नका, लेखी मागवा, कारण "बहुतेक जमेल" हे उत्तर फोनवर हो असं ऐकू येतं.

कॉलेजातले चांगले नट ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमींत अडकलेले असतात, हिवाळ्याच्या शेवटी फिरोदिया करंडक या दुसऱ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या. त्या आठवड्यांत त्यांची तारीख मिळाली तरी झोप झालेला नट मिळत नाही. त्यात परीक्षा, नोकरी, आणि गावची जत्रा. ज्याच्या सर्वांत जास्त फुल्या आहेत त्याच्याभोवती वेळापत्रक बांधा, मुख्य नटाभोवती नाही. मुख्य नट बहुधा सगळ्यात उत्साही असतो आणि रोज येतो. शूट अडतं ते दोनच सीन असलेल्या मावशींपाशी.

रात्रीच्या शूटनंतर पुढचा कॉल किमान दहा तासांनी द्या. पहाटे चारला पॅक-अप करून नऊला परत बोलावलेली मुलं दुचाकीवर येतात, अर्धवट झोपेत. या एका बाबतीत मी तडजोड ऐकून घेत नाही.

तपासणी ८: पाऊस आणि हाताशी ठेवलेला सीन

बाहेरचा सीन पावसाने रद्द झाला आणि आत घेण्यासारखं काही उरलंच नाही, हा बिघाड क्रम लावण्यातला आहे. मुलं सोपे म्हणून घरातले सीन आधी संपवतात. उलट करा. बाहेरचे सीन पुढच्या दिवसांत टाका आणि घरातला एक सीन कव्हर सेट म्हणून शेवटच्या बाहेरच्या शूटपर्यंत राखून ठेवा. त्या घरमालकांना तसं आधी सांगून ठेवा, त्या सीनचे नटही फोनच्या अंतरावर हवेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कव्हर सेटशिवाय बाहेरचं शूट लावणं म्हणजे निव्वळ नशीब अजमावणं.

रिकामा राखीव दिवस शेवटी ठेवायची पद्धत मला फारशी पटत नाही. तो आहे हे कळल्यावर सगळे त्याच्यावर ढकलत राहतात. अर्धा-अर्धा दिवस मध्ये ठेवा आणि कोणाला सांगू नका.

फोटो प्रकल्प करणाऱ्यांसाठी एवढंच: तुमच्याकडे सेटअप कमी असतात पण समोरची माणसं तुमच्या कॉल शीटवर नसतात. कुंभारवाड्यातल्या भट्टीचे फोटो हवेत तर भट्टी कधी लावणार ते कुंभाराला विचारा, मगच प्रकाशाचा विचार करा. फोटो प्रकल्प लांबतो तो बहुतेक वेळा परत-परत चुकीच्या दिवशी गेल्यामुळे.

तपासणी ९: परवानग्या

इथून पुढे वेळ आठवड्यांत मोजायची. ऐनवेळी हटकल्यामुळे दिवस गेला असेल तर दोष या घरात आहे.

खासगी जागेला मालकाचं किंवा सोसायटीचं लेखी पत्र आणि तुमच्या संस्थेचं सही-शिक्क्याचं पत्र, दोन्ही खिशात हवं. सरकारी जागांसाठी महाराष्ट्रात चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी पद्धत आहे, गोव्यात एन्टरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाकडे जावं लागतं. शनिवारवाडा, रायगड, कार्ल्याची लेणी ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. हातातल्या कॅमेऱ्याने पर्यटक फोटो काढतात म्हणून ट्रायपॉड आणि नट घेऊन शूट करता येतं असं नाही. रेल्वे स्थानकाला रेल्वेची वेगळी परवानगी. ड्रोनसाठी २०२१ च्या नियमांनुसार डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आहे आणि खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), त्यामुळे धरणावरचा तो सुंदर ड्रोन शॉट मनातून काढून टाकलेला बरा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, म्हणजे गाण्याचं प्लेबॅकही नाही.

परवानगी वेळेत येणार नसेल तर सीन खासगी जागेत हलवा. बसस्थानकावरचा निरोप एसटीच्या थांब्यावरच झाला पाहिजे का, हा प्रश्न लेखकाला विचारायचा.

तपासणी १०: पटकथा

वरचं सगळं करूनही बेरीज बसत नाही, तेव्हाच इथे या. आधी लोकेशन एकत्र करा. टपरी, वाचनालय आणि गच्ची अशा तीन जागांवरचे तीन छोटे सीन गच्चीवर आले तर दोन स्थलांतरांचे तीन तास, म्हणजे पाच सेटअप परत मिळतात. मग फक्त माहिती देणारे सीन काढा. फोनवर बातमी कळते, मग मैत्रिणीला सांगते, मग आईला सांगते: यातला एक पुरतो. सर्वांत शेवटी गर्दीचे, पावसाचे आणि गाडीतले सीन. गाडीत तीन माणसं, बूम आणि कॅमेरा बसवून संवाद घेणं किती वेळ खातं ते पहिल्यांदा करणाऱ्याला पटतच नाही.

हे सेटवर रात्री दोन वाजता करू नका. एक सकाळ शूट थांबवून, लेखकाला समोर बसवून करा. अर्धा दिवस जातो, पण पुढचे दिवस वाचतात.

कुठे थांबायचं

काही ठिकाणी स्वतः दुरुस्ती करायची नाही.

मीटरमधून किंवा रस्त्यावरच्या खांबावरून थेट वायर ओढायचा विचार सुरू झाला की थांबा. परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा किंवा जनरेटर घ्या, नाहीतर बॅटरीवरचे एलईडी लाइट घेऊन सीन छोटा करा. पावसात बाहेर मोठे लाइट असतील तर इलेक्ट्रिशियन दिवसभर सेटवर हवा.

आग, उंचीवरून उडी, पाण्यात बुडणं, चालत्या गाडीतून उतरणं: स्टंटचा अनुभव असलेला माणूस नसेल तर हे शूट करायचं नाही. धरणात किंवा नदीत उतरायचा सीन जीवरक्षकाशिवाय नाही. "नटाला पोहता येतं" हे पुरेसं नाही. रस्त्यावर खोटं पिस्तूल किंवा पोलिसांचा गणवेश वापरणार असाल तर आधी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवा.

चौदा वर्षांखालचं मूल नट म्हणून असेल तर बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम वाचा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. तुमच्या बारा तासांच्या दिवसात त्या मुलाचे सीन कुठे बसतात ते वेगळं आखा, आणि कागदपत्रांसाठी संस्थेतल्या जबाबदार माणसाला किंवा वकिलाला विचारा.

आणि वेळापत्रकाचंच म्हणाल, तर दोन दिवसांचं शूट होऊन निम्म्याहून कमी सेटअप झालेत, नटांच्या तारखा संपत आल्यात आणि टीममध्ये भांडणं सुरू झालीत, तेव्हा नवं वेळापत्रक स्वतः बनवू नका. अनुभवी फर्स्ट एडी किंवा लाइन प्रोड्युसरला (शूटचा खर्च आणि व्यवस्था सांभाळणाऱ्याला) एका दिवसाचे पैसे द्या, नसतील तर संस्थेतल्या सीनियरला गाठा. जाताना तीन कागद न्या: सेटअपचे आकडे लिहिलेली शॉट-लिस्ट, क्लिपच्या वेळांचा कागद, फुल्यांचा तक्ता. हे तीन असतील तर तासाभरात उत्तर मिळतं. नसतील तर तोही तुम्हाला पहिल्यांदा हेच बनवायला सांगेल.